सावली आधी, एलिव्हेशन नंतर

एप्रिलच्या अंकासाठी आलेल्या पत्रांत या वेळी वाळवंटातल्या घरांचे फोटो फार आहेत. कुणी दुबईचं घर पाठवलंय, कुणी जैसलमेरचं, कुणी थेट ॲरिझोनाचं, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, असं आपल्याकडे चालेल का? मी सोलापुरातच वाढले, इथेच घरांचे आराखडे करते. म्हणून उत्तरं इथलं ऊन, इथली काळी माती आणि काही दिवसांआड येणारं नळाचं पाणी डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत.

प्रश्न : मॅडम, जुळे सोलापुरात आमचा तीस बाय चाळीसचा प्लॉट आहे, रस्ता पश्चिमेला. मुलगा दुबईला असतो. त्यानं तिथल्या व्हिलाचे फोटो पाठवलेत. पुढे दोन मजले उंच काच, वाळूच्या रंगाचं टेक्स्चर, एकदम सपाट भिंत, छज्जे नाहीतच. तिथे ऊन आपल्यापेक्षा जास्त, तरी लोक असंच बांधतात, हाच ट्रेंड आहे, असं तो म्हणतो. थ्रीडी बघून मलाही आवडलंय. करावं का?
– एक गृहिणी, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, रंग घ्या, काच घेऊ नका.

फोटोतलं घर गार असतं ते दिवसरात्र चालणाऱ्या एसीमुळे. एसी बंद केला की त्या काचेमागे दुपारी बसवणार नाही. दुबईतल्या माणसानं एसी येण्याआधी कसं बांधलं हे बघायचं असेल तर मुलाला सुट्टीच्या दिवशी अल फहिदी या जुन्या भागात जाऊन यायला सांगा. प्रवाळाच्या दगडाच्या जाड भिंती, रस्त्याकडे लहानशा खिडक्या, आत उघडा चौक, आणि छतावर बारजील, म्हणजे वरचा वारा पकडून खाली खोलीत सोडणारा मनोरा. गल्ल्या इतक्या अरुंद की एका घराची सावली समोरच्या घरावर पडते. त्यानं तिथले फोटो पाठवले तर मला जरूर दाखवा.

आणि ट्रेंडचंच म्हणाल तर जाणते लोक पुन्हा तिकडेच वळलेत. अबुधाबीतल्या मसदर सिटी या नव्या वसाहतीत रस्ते मुद्दाम अरुंद आणि सावलीचे ठेवले आहेत, वाऱ्याचा मनोराही उभारला आहे. अबुधाबीतल्याच अल बहर टॉवर्सना काचेच्या बाहेरून जाळीचं आवरण आहे, सूर्य फिरेल तशी ती जाळी उघडते-मिटते. जैसलमेरजवळ न्यूयॉर्कच्या वास्तुकार डायना केलॉग यांनी मुलींची शाळा बांधली, राजकुमारी रत्नावती शाळा. स्थानिक पिवळा दगड, मध्ये अंगण, दगडी जाळ्या, आणि एसी नाही. या सगळ्यांत समान आहे ती सावली. वाळूचा रंग नंतरचा.

आता तुमचा प्लॉट. पश्चिमेचं ऊन तीन वाजल्यानंतर तिरपं होत जातं आणि सरळ घरात शिरतं. वरचा छज्जा चार फूट काढला तरी ते अडत नाही, कारण ते छज्ज्याखालूनच येतं. त्याला आडवं काही उपयोगाचं नाही, उभं काहीतरी लागतं. भिंतीचे उभे पंख, जाळी, झाड किंवा खोल पोर्च. "काचेला आतून जाड पडदा लावू की," असं बरेच जण म्हणतात. पण पडद्यापर्यंत ऊन आलं म्हणजे उष्णता काचेच्या आत आलीच. मग तापतो तो पडदा, आणि त्याची धग खोलीलाच लागते. ऊन अडवायचं तर काचेच्या बाहेर.

म्हणून माझी मांडणी अशी असेल. जिना, बाथरूम, स्टोअर ही सगळी पश्चिमेच्या अंगाला. ती तापली तरी झोप मोडत नाही. झोपायच्या खोल्या पूर्वेला. हॉल पुढेच हवा असेल तर त्याच्यापुढे खोल पोर्च आणि पोर्चच्या बाहेरच्या कडेला भाजलेल्या मातीची जाळी. हल्ली सीएनसीनं, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीननं, कापलेल्या पातळ पत्र्याच्या जाळीची हौस फार आहे. ती मला अजिबात पटत नाही. पत्रा स्वतः तापतो, आणि पातळ असल्यामुळे तिरपं ऊन भोकातून तसंच आत येतं. जाळीला जाडी हवी. भोक चार इंचांचं तर जाळीही निदान चार इंच जाड, हा हिशेब गवंड्याला लिहूनच द्या.

डबल हाइट हॉलला माझा विरोध नाही, पण गरम हवा वर चढल्यावर तिला बाहेर पडायला वाट हवी. जिन्याच्या माथ्यावर उघडता येणारी झडप ठेवा, ती रात्री उघडी आणि दिवसा बंद. वाट नसेल तर उंच हॉल म्हणजे एसीला जास्तीची हवा गार करायला लावणं, दुसरं काही नाही.

उत्तरेकडच्या खिडक्यांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते, कारण थ्रीडीत तिथेही छज्जे नाहीत. उत्तरेला ऊन येत नाही, ही समजूत आपल्याकडे घट्ट आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापुरात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. तिथून ऑगस्ट उजाडेपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. म्हणजे मे महिन्याच्या उत्तरार्धात, ऐन काहिलीत, उत्तरेच्या भिंतीवरही ऊन असतं. तिथे दीड-दोन फुटांचा साधा छज्जा पुरतो.

वाळूचा रंग बाहेरून शोभेल. पण पश्चिमेची भिंत पांढऱ्याच्या जितकी जवळ ठेवाल तितकं बरं, आणि तिथे खरखरीत टेक्स्चर नको. आपल्याकडची धूळ त्यात बसते आणि दोन उन्हाळ्यांत भिंत काळपट होते. मग ती ऊन परतवत नाही, पिऊन घेते.

प्रश्न : ताई, आमचं पूर्व भागात वरच्या मजल्यावर घर आहे, दोन खोल्या, वर स्लॅब. मिस्टर टॉवेलच्या कारखान्यात रात्रपाळीला असतात, दिवसा झोपावं लागतं. मार्चपासून त्यांना झोप नाही. भिंतीला हात लावला तर चटका बसतो. पीओपी करा, असं एकानं सांगितलं. दुसरा म्हणाला, गच्चीवर रोज पाणी मारा. पैसे बेताचेच आहेत.
– एक वाचक, पूर्व भाग, सोलापूर

उत्तर : ताई, या अंकातल्या सगळ्या पत्रांत तुमचं पत्र मला महत्त्वाचं वाटतं. रात्रभर मागावर उभ्या राहिलेल्या माणसाला दिवसा झोप मिळालीच पाहिजे.

आधी पीओपीचं. त्यावर आत्ता पैसे घालू नका. तापतो तो स्लॅब, वरून. खाली पीओपी मारली तरी स्लॅब तापायचा थांबत नाही, त्याची धग थोडी अडते इतकंच. पाच-सहा इंचांच्या स्लॅबमधून उष्णता खाली उतरायला साधारण चार तास लागतात. एक वाजताचं ऊन पाच वाजता तुमच्या डोक्यावर येतं आणि मध्यरात्रीपर्यंत उतरत राहतं. त्यामुळे इलाज छताच्या वरच्या अंगाला करायचा.

आणि पाणी मारायचं म्हणाल, तर ज्या शहरात नळाची वाट बघत दिवस जातात तिथे गच्चीवर पाणी ओतायचा सल्ला मी देणार नाही. शिवाय रोज भिजून-तापून स्लॅबच्या भेगा वाढतात.

सगळ्यात स्वस्त इलाज चुन्याचा. कळीचा चुना आणा, पत्र्याच्या टाकीत रात्रभर भिजत घाला. कळी विरताना पाणी उकळतं, म्हणून लेकरांना लांब ठेवा, डोळे जपा, आणि प्लास्टिकची बादली वापरू नका. दुसऱ्या दिवशी गाळून घ्या, त्यात थोडा डिंक नाहीतर रंगाच्या दुकानात मिळणारा बाइंडर घाला म्हणजे चुना हाताला लागत नाही. गच्ची घासून धुवा, भेगा भरून घ्या, आणि संध्याकाळी, स्लॅब निवल्यावर, दोन हात मारा. उन्हात मारलात तर चुना धरायच्या आधीच वाळतो आणि पापुद्रे सुटतात. पावसात तो धुऊन जातो, म्हणून दर वर्षी फेब्रुवारीच्या शेवटी पुन्हा. मध्ये एकदा धूळ झाडून काढा, कारण मळलेला पांढरा रंग निम्मं काम करतो.

थोडे पैसे जमले की चिनी मोझॅक. फरशीच्या दुकानात फुटलेल्या पांढऱ्या ग्लेझ टाइल्सचे तुकडे स्वस्तात मिळतात. उतार नीट काढून ते बसवले की गळती थांबते आणि ऊन वर्षानुवर्षं परततं. एकच काळजी घ्या. खाली विटांचा जाड कोबा घालायचा गवंड्यांचा आग्रह असतो, त्याचं वजन मोठं होतं. स्लॅब जुना असेल, सळई दिसत असेल, तर आधी इंजिनिअरला दाखवा. तयार कूल रूफ पेंट घेणार असाल तर डब्यावर एसआरआयचा, म्हणजे रंग ऊन किती परतवतो त्याचा, आकडा बघा, चांगल्या पांढऱ्या रंगाचा तो शंभराच्या आसपास असतो. आकडा छापलेला नसेल तर डबा परत ठेवा. गळतीसाठी डांबराचा काळा थर मात्र उघडा ठेवू नका, त्याच्याइतकं तापणारं दुसरं काही नाही.

तुमचे नातेवाईक तेलंगणात असतील तर त्यांनाही विचारा. तिथल्या सरकारनं २०२३ मध्ये कूल रूफचं धोरणच आणलं. अहमदाबादनं २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला आणि पुढे गरीब वस्त्यांतली छतं पांढरी करायला घेतली. आपल्या शहरातही माग असलेल्या वस्त्यांत हे काम सार्वजनिक पैशानं झालं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. प्रत्येक घरानं एकट्यानं चुना कालवत बसावं, इतका हा प्रश्न लहान नाही.

झोपेसाठी आत्ता, आजपासून, एवढं करा. रात्री दोन्ही खोल्यांच्या खिडक्या उघड्या, सकाळी साडेआठ-नऊला सगळ्या बंद. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे दुपार आणि पहाट यांत पंधरा अंशांच्या आसपास फरक असतो. पहाटेचा तो गारवा खोलीत कोंडून ठेवायचा. पश्चिमेच्या खिडकीला चादर लावायची तर ती गजांच्या बाहेरून टांगा. गच्चीवरची पाण्याची टाकी काळी असेल तर तिलाही चुना लावा, नाहीतर दुपारी नळाला चहाचं पाणी येतं. आणि झोपायचा पलंग पश्चिमेच्या भिंतीपासून हातभर लांब सरकवा. तापलेली भिंत अंगाला न टेकता, नुसती जवळ असली तरी भाजते.

प्रश्न : कूलर लावला की तासाभरात खोली चिकचिक होते. मोठा घ्यावा का?
– एक विद्यार्थी, विजापूर रोड

उत्तर : नको. कूलर खिडकीबाहेर ठेवा, हवा त्याला बाहेरचीच मिळाली पाहिजे. आणि समोरच्या भिंतीची खिडकी उघडी ठेवा. ओली हवा बाहेर गेली नाही तर गारवा येत नाही, नुसता घाम येतो. जूनच्या मध्यानंतर, हवा दमट झाली की, कूलरचं काम संपलं. तेव्हा पंखा आणि उघड्या खिडक्या.

प्रश्न : मंगळवेढा तालुक्यात आमचं वडिलोपार्जित माळवद, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर, आहे. मी आठवडाभर तिथे राहून आलो, मे महिन्यातही आत पंखा लागत नाही. मुलं म्हणतात पाडून आरसीसी बांधू. इकडे पेपरात बघतो तर शहरातले लोक जाड मातीच्या भिंतींच्या घरासाठी लाखो रुपये मोजतायत. ठेवावं की पाडावं?
– एक निवृत्त शिक्षक

उत्तर : गुरुजी, माझं मन म्हणतं ठेवा. पण नुसत्या मनावर जाऊन चालणार नाही, कारण माळवद ठेवायचं तर ते भक्कम करूनच ठेवावं लागतं.

गारवा कुठून येतो ते तुम्ही अनुभवलंच आहे. दोन फुटी भिंत आणि वर तुळया, सर, किलचा अशा लाकडांचे थर, त्यांवर पाला, चिखल आणि फूट-दीड फूट पांढरी माती. दुपारचं ऊन या थरातून खाली येईपर्यंत रात्र होते, आणि रात्री बाहेर हवा गार असते. ॲरिझोनात, राजस्थानात आज ज्या जाड भिंतींचं कौतुक चाललंय, ते आपल्या माणदेशात आणि मराठवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. छतात उजेडासाठी ठेवलेलं भोकही गरम हवा बाहेर सोडतं. ते बुजवलं असेल तर मोकळं करा.

पण ३० सप्टेंबर १९९३ची ती भूकंपाची पहाट मी विसरू शकत नाही, आणि या भागात घर बांधणाऱ्या कुणीही विसरू नये. किल्लारी आणि आसपासच्या गावांत हजारो माणसं गेली, ती याच जाड भिंतींखाली आणि याच मातीच्या छताखाली. भिंतीला बाहेरची एक फळी असते, आतली एक, मध्ये दगडगोटे आणि माती. दोन्ही फळ्यांना जोडणारे आरपार दगड घातलेले नसतील तर धक्का बसताच फळ्या उसवतात आणि वरचं मातीचं ओझं खाली येतं. दर पावसाळ्याआधी गळतंय म्हणून वर आणखी माती टाकायची पद्धत आहे. त्यानं ओझं वाढतच जातं.

म्हणून आधी हे बघा. बाहेरून भिंतीला कुठे पोट सुटलंय का? तुळईचं टोक जिथे भिंतीत शिरतं तिथे चाकूचं टोक खुपसून बघा, ओलीनं किंवा वाळवीनं लाकूड तिथेच पहिल्यांदा जातं. मध्यभागी टणक दिसणारी तुळई टोकाला पोकळ असू शकते. यातलं काही आढळलं तर पाऊस पडायच्या आत तिथे झोपणं बंद करा.

लाकूड शाबूत असेल तर अनुभवी इंजिनिअर गाठून इतकी कामं करून घ्या. छतावरची जास्तीची माती उतरवून थर साधारण आठ इंचांवर आणायचा, त्याच्याखाली जाड प्लास्टिकचा कागद घालायचा म्हणजे गळायचं थांबतं. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार भोकं पाडून सळई आणि काँक्रीटनं दोन्ही फळ्या एकमेकींना शिवायच्या. छताखाली चारही भिंतींना गुंडाळणारा सळईच्या जाळीचा आणि सिमेंटचा पट्टा. खांब आणि तुळई यांच्यात तिरपे धिरे. माती कमी झाली म्हणून गारवा फार जात नाही. वरून चुन्याचा पांढरा हात मारा, भरपाई होते.

दोन गोष्टी मात्र करू नका. माळवदावर काँक्रीटचा कोबा ओतू नका, ओझ्यावर ओझं होईल. आणि मातीच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा करू नका. आत शिरलेली ओल बाहेर पडत नाही आणि भिंत आतून कुजते. गिलावा मातीचा किंवा चुन्याचा.

हे सगळं करून पैसे आरसीसीइतकेच लागतील, असं मुलं म्हणतील. कदाचित लागतील. त्यांना मे महिन्यात चार दिवस तिथे राहायला बोलवा, आणि मग हिशेबाला बसा.

प्रश्न : तुळजापूर रोडला आमची एक एकर जमीन आहे. फार्महाऊससाठी रॅम्ड अर्थच्या, म्हणजे साच्यात माती ठोकून केलेल्या, भिंती करायच्या आहेत, माती आमच्याच शेतातली वापरू. पुढे डेझर्ट गार्डन, पांढरी खडी आणि निवडुंग. काही सूचना?
– एक तरुण जोडपं

उत्तर : शेतातली माती काळी असेल तर ती भिंतीसाठी नको. मेमध्ये शेतातल्या भेगा बघा, हात आत जातो. तीच माती भिंतीत ठोकलीत तर तशाच भेगा भिंतीला पडतील. भिंतीला मुरूम लागतो, तो आपल्याकडे भरपूर आहे. काचेच्या बाटलीत तिसरा हिस्सा मुरूम घ्या, पाणी भरा, चिमूटभर मीठ घालून जोरात हलवा आणि दिवसभर हलवू नका. खाली वाळू बसते, वर गाळ, सगळ्यात वर चिकणमातीचा थर. चिकणमाती जास्त वाटली तर वाळू मिसळावी लागेल. सिमेंट पाच ते आठ टक्के. सबंध भिंत उठवायच्या आधी तीन फुटांचा एक नमुना ठोकून एक पावसाळा उघड्यावर ठेवा. घाई असली तरी ठेवाच.

वाळवंटातली घरं छप्पर भिंतीबरोबर कापतात, बाहेर काढत नाहीत, ते त्यांना चालतं. आपल्याकडे सप्टेंबरचा पाऊस वाऱ्यासकट येतो. छप्पर दोन-अडीच फूट बाहेर काढा आणि जोतं काळ्या दगडात दोन फूट उचला. पाया काळ्या मातीत थांबवू नका, खाली मुरूम लागेपर्यंत न्या, नाहीतर माती फुगते-आकसते तशी भिंत तडकते.

खडी आणि निवडुंगाची बाग पाण्याच्या दृष्टीनं योग्य आहे, पण तिला सावली नाही. खडी दुपारी तापते आणि संध्याकाळी ती धग ओसरीवर फेकते. पांढऱ्या खडीनं डोळे दिपतात ते वेगळंच. घराला लागून दहा-बारा फूट मातीच ठेवा, पेव्हिंग ब्लॉकही नको. खडीची हौस पलीकडे, फाटकाजवळ करा. पश्चिमेला कडुलिंब लावा, सोबत करंज. ते वाढेपर्यंत मध्ये शेवगा, तो वर्षा-दोन वर्षांत वर जातो. लिंब घराच्या भिंतीपासून वीस फुटांवर हवा, कारण काळ्या मातीत मुळं पाणी ओढतात तिथे जमीन खचते आणि पायाला त्रास होतो. खड्डे आत्ताच खणा, तीन फूट लांब-रुंद-खोल, आणि महिनाभर उन्हानं तापू द्या. जूनमध्ये दोन चांगले पाऊस झाले की शेणखत घालून रोपं लावा.